जप्त केलेली पुस्तकं

परवा, पाऊस लागायच्या आधी, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. उंदरांनी काय खाल्लं नि काय ठेवलं, एवढंच बघायचं होतं. वरती जुन्या टाचणवह्या, त्याखाली निरोप समारंभाचे फोटो, आणि अगदी तळाशी सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा. सोडला तर कॉमिक्स! नोकरीच्या काळात वर्गातल्या पोरांच्या दप्तरांतून मीच जप्त केलेली. "वर्षाअखेर परत देईन" असं सांगून घेतलेली, आणि कधीच परत न दिलेली.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. पुस्तक म्हणजे अक्षर, असा माझा पक्का समज. चित्रं बघून पोरं आळशी होतात, भाषा बिघडते, असं मी पालकसभेत ठासून सांगत असे. एकही कॉमिक उघडून न बघता! आता सत्तरी ओलांडल्यावर तीन दुपारी बसून तो अख्खा गठ्ठा वाचला.

त्यात इंद्रजाल कॉमिक्स सर्वांत जास्त होती. टाइम्सवाल्यांनी १९६४ साली सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली. तिचा मोठा नायक वेताळ. जंगलात राहणारा, कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसणारा, आणि गोरा. भोवती सगळी काळी माणसं, आणि त्यांचे तंटे सोडवणार कोण? तर पिढ्यानपिढ्या हाच गोरा. ली फॉक या अमेरिकन लेखकानं १९३६ साली त्याला जन्माला घातलं, तेव्हा आपल्याकडेही साहेबाचंच राज्य होतं. राज्य गेलं, पण आमची पोरं मात्र पुढेही चार आणे, आठ आणे जमवून त्याचे पराक्रम वाचत राहिली. मी हे तेव्हा वाचलं असतं तर इतिहासाच्या तासाला विचारलं असतं, "काय रे, जंगलातल्या माणसांना स्वतःचा न्याय स्वतः करता येत नव्हता का?"

मग सापडला बहादूर. भगवा कुर्ता आणि जीन घातलेला आपल्या देशातला नायक. आबिद सुरती यांनी १९७६ साली लिहिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. बाप डाकू, पोलिसांच्या हातून मेलेला. मुलगा सूड घ्यायचं सोडून गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. यामागे चंबळचं वास्तव होतं. १९७२ साली जयप्रकाशजींसमोर डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली, त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. डाकूच्या पोरानं पुढं काय करायचं, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नव्हता. तो कॉमिकमध्ये होता.

गठ्ठ्यातलं शेवटचं पुस्तक हातात आलं तेव्हा मात्र बसल्या जागी घाम फुटला. अमर चित्र कथेचा 'बाबासाहेब आंबेडकर', हिंदीतला. अनंत पै यांनी ही मालिका १९६७ साली सुरू केली. देवदेवता, राजेरजवाडे, संत असं करत बाबासाहेबांपर्यंत यायला तिला १९७९ साल उजाडावं लागलं. बारा वर्षं! याच मालिकेत राक्षस काळे नि देव गोरे रंगवले जात, तेही विसरून चालणार नाही. तरीही लहान भीमाला शाळेत काय सोसावं लागलं, ते त्या पानांवर पोराला डोळ्यांनी दिसत होतं. आमच्या धड्यात ते एका ओळीत उरकत असे.

ते पुस्तक मी कोणाकडून घेतलं, हे मला स्वच्छ आठवलं. बौद्ध मोहल्ल्यातला सातवीतला पोरगा. मागच्या बाकावर, भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचत होता. मी हातावर दोन छड्या दिल्या आणि म्हणालो, "चित्रं बघून कोणी बाबासाहेब होत नाही." वर्ग हसला. मीही हसलो.

आणि सांगत तरी काय होतो मी वर्गात? १९५४ साली याच भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला बाबासाहेब स्वतः उभे होते आणि आपल्या जिल्ह्यानं त्यांना पाडलं, हे मी सगळ्या नोकरीत एकदाही सांगितलं नाही. पवनीचा स्तूप दाखवायला सहल नेली, पण "बुद्धाचा हा वारसा आपल्या गावात आज कोण चालवतं?" हे विचारलं नाही. गावात वाद नको, हे माझं धोरण. धोरण कसलं, भित्रेपणाच तो.

तो पोरगा आता पन्नाशीच्या पुढचा, इथंच धानाची शेती करतो. संध्याकाळी पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा आणवला. पुस्तक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हे माझं नव्हतंच ना. इंदोऱ्याच्या मामेभावाचं होतं. हरवलं म्हणून सांगितलं त्याले. मग त्यानं दुसरं पुस्तक देलंच नाही कधी."

मी माफी मागितली. तो "जाऊ द्या सर" म्हणाला. पण त्याला कधीच न मिळालेली ती पुढची पुस्तकं मी कुठून आणू?

२०११ साली दिल्लीच्या नवयाननं 'भीमायन' काढलं. त्यातली चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांची. कोणाची गोष्ट कोण रंगवतो, यानं किती फरक पडतो ते तिथं कळतं. जुनी कॉमिक्स आज लोक हौसेनं जमवतात, जपून ठेवतात. ठेवोत. पण माझं मत विचाराल तर त्यांची जागा वर्गातल्या टेबलावर आहे. पोरांना वाचू द्यावं आणि मग दोनच प्रश्न विचारावे: चित्राच्या मधोमध कोण उभं आहे? आणि कडेला कोण?

असो. बाकीची पुस्तकं कोणाकोणाची, ते आठवतो आहे. सहा नावं लागली आहेत. त्यातले दोघे आता नाहीत. उरलेल्या चौघांकडे या आठवड्यात जायचं आहे.