शर्यत लावायचीच तर खेळ्यांची लावा!

येत्या स्नेहसंमेलनात क्यूब सोडविण्याची स्पर्धा ठेवावी, अशी टूम निघाली आहे. टूम चांगली, पण ती घड्याळ लावून घेण्यास माझा विरोध आहे. तशा शर्यतीत शहरातल्या मित्राचा लोहचुंबकवाला महागडा क्यूब जिंकणार आणि आमच्या मुर्रीच्या पोराचा, बाजारातून आणलेला, मध्येच अडणारा क्यूब हरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शिवाय घड्याळ मोजते तरी काय? हंगेरीच्या अर्नो रुबिकने १९७४ साली हे कोडे तयार केले. आज बहुतेक खेळाडू ते फ्रिड्रिचबाईंच्या पद्धतीने, थराथराने सोडवितात. नुसत्या शेवटच्या थरासाठी ५७ आणि २१ मिळून ७८ सूत्रे पाठ! गाईडे आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर पोसलेल्या आपणांस यात नवे ते काय?

दुसरी वाट ठोकळे बांधण्याची. स्वीडनचा लार्स पेट्रस १९८२ च्या बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत खेळला होता. त्याचे म्हणणे असे, की खालचा थर आधी पुरा केला तर बाजूची कोणतीही फळी फिरविताच तो मोडतो. मोडा, पुन्हा जोडा! म्हणून तो एका कोपऱ्यात दोन बाय दोन बाय दोनचा ठोकळा बांधतो. तीन बाजू अडकतात, तीन मोकळ्या राहतात. मग ठोकळा दोन बाय दोन बाय तीन एवढा वाढवितो. तरी दोन बाजू मोकळ्याच. उलट्या बसलेल्या कडा सरळ केल्या, की या दोनच बाजू फिरवीत खालचे दोन थर पुरे होतात. गवंडीसुद्धा आधी कोपरे उभारतो, मग दोरी ताणून मधल्या विटा लावतो. (हे मी पुस्तकात नव्हे, वडिलांच्या कामावर पाहिले.) फ्रान्सच्या जिल रूने डावी-उजवीकडे दोन ठोकळे बांधून मधली पट्टी मोकळी ठेवली.

वेगाचे विक्रम बहुधा थरवाल्यांचे, हे मान्य. पण जागतिक क्यूब संघटनेच्या स्पर्धांतच एक प्रकार असा आहे : सर्वांना एकच विस्कटलेली मांडणी, एक तास, कागद नि पेन. कमीत कमी खेळ्या लिहील तो जिंकला. तेथे ठोकळेवाल्यांची विद्या कामी येते आणि क्यूब अडला तरी बिघडत नाही. कोणतीही मांडणी २० खेळ्यांत सुटू शकते, हे २०१० साली संगणकाच्या साह्याने सिद्ध झाले. आपण ५० त सोडविली तरी टाळ्या द्याव्यात.

तपासायला एक प्राध्यापक आणि एक क्यूब पुरे. घड्याळ हवेच असेल, तर वर्गातल्या भिंतीवरचे चालेल.