कोंबडीचे मोल आणि गायीचे मोल: खानदेशातील दोन साथी

आजचा धागा नवापूरचा आहे, पण आरंभ इंग्लंडमधून करावा लागेल.

बॅजर हा बिळात राहणारा निशाचर प्राणी. त्याच्यामुळे गायींना क्षयरोग होतो, म्हणून त्याला मारावे की नाही, यावर तिथे १९७१ पासून वाद धुमसतो आहे. १९९८ मध्ये सरकारने रीतसर प्रयोगच आरंभला आणि सुमारे ११ हजार बॅजर मारले. २००७ चा अहवाल सांगतो की मारलेल्या क्षेत्रात रोग काहीसा घटला, सीमेलगत मात्र वाढला. कळप विस्कटले, उरलेले बॅजर दूरवर भटकू लागले आणि रोगही त्यांच्यासोबत गेला. तरीही २०१३ पासून पुन्हा संहार सुरू झालाच.

हा ‘विस्कटण्या’चा मुद्दा ध्यानात ठेवा.

१८ फेब्रुवारी २००६. भारतातील पहिला बर्ड फ्लू नवापुरात सिद्ध झाल्याचे जाहीर झाले. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १९९८ पर्यंत ते धुळ्याचेच होते. तिथल्या कुक्कुटपालन केंद्रांतील पक्षी आधीपासूनच मरत होते. रोग ‘राणीखेत’ समजला गेला. या राणीखेतला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही आपल्या पणज्या मानमोडीच म्हणत. नाव एकच असल्याने गफलत झाली असे मी म्हणत नाही. पण योगायोग विलक्षण खरा.

भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा आल्यावर तीन किलोमीटरच्या परिघातील सर्व पक्षी मारण्याचा आदेश निघाला. माझ्या मते तो योग्यच होता. एच५एन१ कोंबडीला झपाट्याने मारतो, माणसालाही सोडत नाही, आणि रोगट कोंबडी वेगळी काढून बाकीच्या राखण्याइतका वेळ तो देत नाही. त्या वर्षी देशात एकाही माणसाला लागण सिद्ध झाली नाही, हे त्या कठोरपणाच्या जमेस धरलेच पाहिजे.

माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे. मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यात उमटला: मारूळ, सावदा, हातेड. इथे मोठी केंद्रे नव्हती, परसातल्या कोंबड्या होत्या. नुकसानभरपाई मोठ्या पक्ष्यामागे सुमारे ४० रुपये. हा हिशेब पिंजऱ्यातल्या हजारो पक्ष्यांच्या धंद्याचा. गावरान कोंबडीला आठवडी बाजारात याहून कितीतरी अधिक भाव येई, आणि ती बहुधा घरातल्या बाईची स्वतःची मिळकत असे: मुलाची वही, दवाखान्याचे पैसे, पाहुण्याचे जेवण, सारे तिच्याच जिवावर. अशा घरी पथक आले की कोंबडी डालग्याखाली जाते, नाहीतर रातोरात बहिणीच्या गावी. पक्षी लपवल्याच्या बातम्या तेव्हा आल्याही होत्या. इंग्लंडात बॅजर स्वतः विस्कटला. इथे कोंबडीला विस्कटवणारा तुटपुंजा दर होता. भरपाईला आपण दया समजतो. साथीत ती लसीइतकीच प्रतिबंधक असते, आणि ती कमी ठेवणे म्हणजे विषाणूला वाट करून देणे.

आता सोळा वर्षे पुढे या. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पीच्या त्या वर्षीच्या साथीचा पहिला रुग्ण सापडला तो चिनावलला. हे गाव सावद्याच्याच परिसरातले, रावेर तालुक्यातले. गुरे मारण्याचा विचार कुणी केला नाही. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली गेली, बाजार बंद झाले, आणि दगावलेल्या दुभत्या गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये जाहीर झाले. शेतकऱ्याने आजार स्वतःहून कळवावा, एवढी ही रक्कम नक्कीच होती. दोन्ही रोग निराळे आहेत, लम्पी चावणाऱ्या कीटकांमुळे पसरतो आणि माणसाला होत नाही, हे मान्य. गोहत्येला मनाई करणारा १९७६ चा कायदाही आहे. इंग्लंडात क्षयाच्या चाचणीत सापडलेली गाय कत्तलखान्यात जाते. आपल्याकडे तो मार्ग मुळातच बंद, म्हणून दुसरे मार्ग शोधले गेले. परसातल्या कोंबडीसाठी मात्र तसा शोध घेण्याची निकड कुणालाच वाटली नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला. अंडी देणाऱ्या मोठ्या पक्ष्याचा दर तेव्हा ९० रुपये होता. गावरान कोंबडी त्या वर्षी कितीला जात होती, हे आपापल्या गावच्या आठवडी बाजारात विचारून पाहा आणि इथे खाली लिहा.