बाईचं रक्त मोजलं, गिऱ्हाईक सुटलं

धंदा करणाऱ्या बाईचं रक्त काढायला आपल्याकडे कुणाचाच हात थरथरत नाही. तिच्या पदरात किलोभर तांदूळ टाकायचा म्हटलं की मात्र रेशनकार्ड, आधार आणि रहिवासी दाखला आठवतो.

मे २०२० मध्ये येल आणि हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी एक गणित मांडलं. टाळेबंदी उठल्यावरही लालबत्ती वस्त्या बंद ठेवा, म्हणजे पहिल्या ४५ दिवसांत कोरोनाचे रुग्ण ७२ टक्क्यांनी कमी होतील! मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकात्यासोबत आमचं नागपूरही त्या हिशेबात होतं. हा सारा हिशेब गृहीतकांचा. बायांचं रक्त न तपासताच त्यांना साथीचं उगमस्थान ठरवून झालं होतं. आरोपीचा जबाब न घेता निकाल देण्याची ही रीत इतरांच्या बाबतीत कुणी खपवून घेतली असती?

खरं मोजण्याचं साधन त्याच महिन्यात तयार होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ‘कवच एलायझा’ ही चाचणी विकसित केली होती. रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी, एका वेळी ९० नमुने अडीच तासांत तपासणारी. तिच्या जोरावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशभरातल्या सर्वेक्षणाची पहिली फेरी केली. त्या फेरीत ०.७३ टक्के प्रौढांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं, जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे जिल्हे निवडले होते. अमरावती नाही, अकोला नाही. शिवाय हे सर्वेक्षण घराघरांतून. जी बाई लॉजवर, भाड्याच्या खोलीत, फोनवर ठरलेल्या ठिकाणी धंदा करते, पोलिसांच्या धाकाने पत्ता बदलत राहते, ती कोणत्या घराच्या यादीत सापडणार?

म्हणून तिची वेगळी चाचणी करा, असं म्हणणारे शहाणे आहेतच. करा की! पण आधी ही चाचणी काय सांगते ते तरी समजून घ्या. प्रतिपिंडं सांगतात की हिला संसर्ग होऊन गेला. तो कुणी दिला, हे सांगत नाहीत. तिच्यापासून कुणाला झाला, हेही नाही. काही महिन्यांनी त्यांचं प्रमाण घटतं, म्हणजे आज न सापडणं हा कोरं असल्याचा पुरावा नव्हे. लस घेतली की स्पाइक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं लशीमुळेही तयार होतात. एवढ्या अटी असलेल्या आकड्यावरून ‘बाया रोग पसरवतात’ अशी बातमी करणं हा निव्वळ कोडगेपणा आहे.

ही खोड जुनी आहे. इंग्रजांनी १८६८ मध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा आणला. सैनिक गुप्तरोगाने आजारी पडू नयेत म्हणून बायांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी. त्यांच्याकडे जाणाऱ्या सैनिकाला मात्र मोकळीक. १९८६ मध्ये चेन्नईत काही नमुन्यांत एचआयव्हीची प्रतिपिंडं सापडली, तो भारतातला पहिला पुरावा. रक्त धंदा करणाऱ्या बायांचंच होतं. त्यांच्यामुळे देशाला साथ कळली आणि बदल्यात त्यांनाच साथीचं नाव चिकटलं. गिऱ्हाईक घरी जाऊन कुटुंबवत्सल झालं.

आता आमच्या वऱ्हाडाकडे या. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आधी उसळली ती अमरावती, अकोला, यवतमाळात. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूर पुन्हा बंद. त्याआधी जानेवारीत ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या होत्या, मंगल कार्यालयांत पंगती उठत होत्या. लग्नातल्या वऱ्हाड्यांची प्रतिपिंडं मोजा, असं कुणी सुचवलं? विजयी मिरवणुकीत गुलाल उधळणाऱ्यांचं रक्त मागितलं? नाही बापा, ती प्रतिष्ठित माणसं!

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२० ला सांगितलं की ओळखपत्र न मागता धंदा करणाऱ्या बायांना शिधा द्या. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महिना पाच हजार रुपये आणि शाळकरी मूल असेल तर अडीच हजार जास्त जाहीर केले. ३२ जिल्ह्यांतल्या ३० हजार ९०१ बाया, ५१ कोटी १८ लाख रुपये. घोषणा करणाऱ्या तेव्हाच्या मंत्री यशोमती ठाकूर आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या. चांगलं काम होतं, ते मान्य. पण ती मुदत डिसेंबरला संपली आणि लाट फेब्रुवारीत आली. एप्रिलमधल्या मदतीच्या घोषणेत बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, रिक्षावाले होते. या बाया मला तरी दिसल्या नाहीत.

उद्या अकोल्यात, अमरावतीत नमुने घ्यायचे असतील तर अटी साध्या आहेत. बाईची संमती घ्या, आणि ‘नाही’ म्हणाली तर निमूट परत जा. तिचा निकाल आधी तिच्या हातात द्या. नाव पोलिसांच्या कागदावर जाऊ देऊ नका. रक्ताच्या बदल्यात शिधा नको. रक्त न देताही शिधा मिळालाच पाहिजे. आणि तपासायचंच असेल, तर तिच्याकडे येणाऱ्या पुरुषांचेही नमुने घ्या. यादी करताना कोण कोण घाबरतं, तेवढं बघितलं तरी अर्धं संशोधन पूर्ण होईल.