क्लिक तिनं केलं, पण दार उघडं कुणी ठेवलं होतं?

थोडं मोठं लिहितोय. व्यापारी मित्रांना राग येईल, येऊ दे.

आपल्याच बाजारपेठेतल्या एका दुकानात फेब्रुवारीत काय झालं, ते बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. नाव लिहिणार नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. तिथं हिशोब बघणाऱ्या मुलीनं ईमेलवर आलेली 'जीएसटी नोटीस' उघडली. झिप फाईल, आत पीडीएफचं चित्र असलेली दुसरी फाईल. डबल क्लिक केलं, काहीच उघडलं नाही. तिला वाटलं, फाईल खराब असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅलीचा सगळा डेटा कुलूपबंद आणि स्क्रीनवर इंग्रजीतून खंडणीची चिठ्ठी. बॅकअप? होता की! पेन ड्राइव्हवर. पण तो पेन ड्राइव्ह वर्षभर सीपीयूच्या मागे खोचलेलाच, त्यामुळे तोही गेला. सीएंकडे सप्टेंबरपर्यंतची प्रत होती म्हणून थोडक्यात निभावलं.

मग दुकानात निकाल लागला. चूक मुलीची. दोन महिने पगार निम्मा, आणि पाच महिन्यांच्या एंट्र्या रोज रात्री नऊपर्यंत बसून परत करायच्या, वरचा एक रुपया न घेता. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी त्या माणसाला बाजू मांडू द्यावी लागते, असा कायदा आहे. इथं कुणी तिला एका शब्दानं विचारलं नाही.

मी विचारलं. तिला, आणि मग मालकांनाही. तेव्हा कळलं ते असं. कॉम्प्युटरमध्ये विंडोज चोरीचं. टाकून देणाऱ्यानं पाचशे रुपयांत काम केलं, आणि ते 'क्रॅक' चालावं म्हणून विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर बंद करून ठेवला. तो परत कुणी चालू केला नाही. अपडेट बंद, कारण 'नेट स्लो होतं'. मुलगी रोज ज्या खात्यानं लॉगिन करायची ते अ‍ॅडमिनचं, म्हणजे तिच्या हातून जे काही सुरू होईल त्याला अख्ख्या मशीनची सत्ता. आणि फाईलच्या नावाचं शेपूट लपवलेलं. ते दिसत असतं तर पीडीएफच्या पुढं डॉट ईएक्सई लिहिलेलं तिला तरी दिसलं असतं.

यातलं तिनं काय केलं होतं, सांगा ना.

आता आपल्या जनजागृतीबद्दल. गेल्या काही वर्षांत 'सायबर सुरक्षा व्याख्यान' या मथळ्याच्या बातम्या मीही केल्यात, डझनभर तरी असतील. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि मग 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका'. अहो, पण ज्या बाईचं कामच दिवसभर अनोळखी लोकांची बिलं, कोटेशन, नोटिसा उघडायचं आहे, तिनं क्लिक करायचं नाही म्हणजे काय करायचं? केंद्रीय जीएसटी खात्याच्या पत्रावर डीआयएन नंबर असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो, हे एकाही व्याख्यानात मी ऐकलं नाही. (ऐकलं असतं तर बातमीत लिहिलं असतं. माझीही चूक आहेच.)

आपल्याकडे जिनिंगमध्ये भिंतीवर 'विडी ओढू नये' ही पाटी असते. तरी पाण्याची टाकी भरलेली असते, वाळूच्या बादल्या असतात. कारण मालकाला ठाऊक असतं की पाटी वाचूनही कुणीतरी एक दिवस चुकणारच. मग कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण फक्त पाटीवर का भागवतो?

'एंडपॉइंट सिक्युरिटी' हा शब्द ऐकला की आपला माणूस म्हणतो, ते मोठ्या कंपन्यांचं. नाही हो. एंडपॉइंट म्हणजे टोकाचं मशीन. तुमच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर, मुनीमजींचा लॅपटॉप, ज्यावर ओटीपी येतो तो तुमचा मोबाईल. फसवं पत्र शेवटी तिथंच उघडतं, म्हणून ते तिथंच अडवायचं. खरं विंडोज, चालू डिफेंडर. त्यातच अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरला हात लावू न देण्याची सोय आहे. ती बंद असते, चालू करावी लागते. टॅलीचा फोल्डर त्यात घाला, टॅलीला परवानगी द्या. रोजच्या कामाला साधं खातं ठेवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे. बॅकअपचे दोन ड्राइव्ह, काम झालं की काढून कपाटात. विंडोज १० वाल्यांनी तर जागं व्हावंच, त्याची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जास्त मशीन असतील तर पैसे देऊन मिळणारी एंडपॉइंट सुरक्षा घ्या, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून बघता येतात. जाहिरात करत नाहीये, पण कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या काटकरांनी पुण्यात क्विक हीलसारखी कंपनी उभी केली, आणि आपण मात्र चोरीचा अँटिव्हायरस डाऊनलोड करतो!

'मग काय, कर्मचाऱ्यांनी वाट्टेल ते उघडावं का?' असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच. नाही. शिकवावंच लागेल. आणि यातलं सगळं केलं तरी शंभर टक्के खात्री कुणी देत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले, ती तर बँक होती. पण आपल्या दुकानात कुलूपच नव्हतं, हे आधी कबूल करा. शिवाय पगार कापायची भीती घातली की पुढच्या वेळी चूक झाल्यावर मुलगी गप्प बसते. त्या रात्री 'काहीतरी विचित्र झालंय' असं तिनं लगेच सांगितलं असतं आणि कुणी नेटची वायर उपटली असती, तर कदाचित बरंच वाचलं असतं. तिनं सांगितलं नाही, कारण मालक ओरडतील. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन लगेच करायचा असतो, तिथंही मिनिटं मोजली जातात. घाबरलेला माणूस तो फोन करत नाही.

व्यापारी संघटनेला माझी मागणी साधी आहे. पुढच्या व्याख्यानाचा मंडप, शाली आणि जेवणाचा खर्च वाचवा. एक जाणकार माणूस वर्षाच्या करारावर घ्या, त्यानं महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाच्या दुकानात जाऊन मशीन तपासायचं. डिफेंडर चालू आहे का, अपडेट आहेत का, बॅकअप कपाटात आहे का. वर्गणीत भागेल.

रविवारच्या बैठकीला मी येतोय, वही घेऊन. पहिला प्रश्न त्या मुलीच्या पगाराचा विचारणार आहे. उत्तर काय मिळालं ते इथंच लिहीन.