सुट्टी आहे, ज्वारी कुठाय?

हिवाळ्याच्या उत्तरार्धातले सण एकामागोमाग येऊन गेले. येळवस झाली, भोगी-संक्रांत झाली, रथसप्तमीला अंगणातल्या गोवरीवर दूध उतू गेलं. आता महाशिवरात्र आणि होळी तेवढी उरली. या सणांचं मूळ सांगणारे संदेशही नेहमीप्रमाणे मोबाइलवर फिरून झाले. कुणी पुराणातली कथा सांगितली, कुणी तिळातल्या उष्णतेचं शास्त्र. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीच्या शिवारात उभं राहिलं तर मूळ इतकं लांब शोधावं लागत नाही. ते बरंचसं रब्बी ज्वारीत आहे.

येळवस घ्या. मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव-लातूरकडची गावं रानात जातात. ज्वारीच्या पेंढ्या शेंड्याकडून बांधून कोपी उभी करायची, तिच्यावर शाल पांघरायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव, आणि शेजारी लक्ष्मी. नैवेद्याला भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर, आणि मातीच्या भांड्यात ताकात ज्वारीचं पीठ घालून आदल्या रात्रीपासून आंबवलेली आंबील. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, चिंच, बेसन. थोडक्यात त्या आठवड्यात रानात जे जे हाताला लागतं ते सगळं. पूजा झाली की घरधनी आंबील शिंपडत पिकाभोवती फिरतो, मागून पोरं आरोळ्या देतात. पोथी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. पीक निसवायच्या बेतात असतं आणि त्याला जेवू घालायचं, एवढाच या सणाचा अर्थ.

याच अमावस्येला बिदर-कलबुर्गीकडचा कानडी शेतकरीही बायकापोरांसह रानात जातो आणि पिकात नैवेद्य उधळतो. त्याला तिकडे 'चरग' म्हणतात. 1956 पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो. राज्यं भाषेवरून वेगळी झाली, पण काळं रान तेच राहिलं, रब्बीचं पीक तेच राहिलं, म्हणून सणही दोन्हीकडे राहिला. मुळाचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

संक्रांतीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो म्हणून संक्रांत, असं आपण शाळेत शिकलो. प्रत्यक्षात सूर्य 21-22 डिसेंबरलाच वळलेला असतो. पृथ्वीचा अक्ष संथपणे फिरतो आणि आपली पंचांगं ताऱ्यांवरून वर्ष मोजतात, त्यामुळे संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख होती 12 जानेवारी 1863. आज तीच संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीला येते. म्हणजे आकाश केव्हाच हललं. तरी बायकांनी सुगडं पुजायचं थांबवलं नाही, कारण सुगडात जे भरायचं ते पौषात रानात तयारच असतं. हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, उसाचं कांडं, ओंबी. आकाश सरकलं तरी रानाने सण धरून ठेवला.

आता रानच सरकलं आहे.

ढोकी म्हटलं की तेरणा साखर कारखाना. मधली कित्येक वर्षं त्याचं धुराडं थंड होतं, पण उसाची ओढ काही गेली नाही. पाणी आलं की ऊस लागतो. कोरडवाहू रानात खरिपाला सोयाबीन, त्याच्यावर हरभरा. उरलेल्या तुकड्यात ज्वारी. येळवशीच्या आदल्या दिवशी आता फोन सुरू होतात : "आण्णा, पाच पेंढ्या ठिवा की आमाला कोपीपुरत्या." ज्याच्या दावणीला पूर्वी वर्षाचा कडबा असायचा, तो पाच पेंढ्या मागून आणतो. उसात कोपी उभी राहते, बाजारातून आणलेल्या पिठाची आंबील होते आणि सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या रानावर शिंपडली जाते. सण साजरा होतो. ज्याचा सण, तेच पीक गैरहजर असतं.

यात शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. रब्बी ज्वारी कष्टाचं पीक आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास काढणी येते, ती हाताने ताटं उपटून. त्याला मजूर मिळत नाहीत. जनावरं कमी झाली, तसा दारात कडब्याचा उपयोगही कमी झाला. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930च्या दशकात निवडलेली मालदांडी ज्वारी आजही भाकरीला पहिली मानतात, पण सरकारने 2025-26साठी संकरित ज्वारीला क्विंटलला 3,699 रुपये हमीभाव दिला आणि मालदांडीला 3,749. चवीची, कडब्याची, अवर्षणात तग धरण्याची किंमत पन्नास रुपये. 2023 हे साल जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, भाषणं झाली, भाकरीचे फोटो निघाले. फरक मात्र 2025-26लाही पन्नास रुपयांच्या पुढे गेला नाही.

सगळ्यात मोठी अडचण पाखरांची. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरांनी खाल्लेलं कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. आता एकट्याने दोन एकर पेरली की पंचक्रोशीतली पाखरं तिथेच उतरतात. पहाटेपासून गोफण घेऊन उभं राहायला घरात माणूस नाही. पुढच्या वर्षी तोही हरभरा पेरतो. ज्वारी अशी एकेका शेतकऱ्याने सोडली, आणि एकेकट्याने ती परतही आणता येणार नाही.

आपल्याकडे सण जपायचा म्हणजे सुट्टी द्यायची. येळवशीला जिल्हाधिकारी आपल्या अधिकारातली स्थानिक सुट्टी जाहीर करतात, बाजारपेठा ओस पडतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'अघोषित संचारबंदी' असा मथळा येतो. सुट्टी हवीच. नोकरीला लातूर-पुण्याला गेलेली पोरं त्या निमित्ताने बांधावर येतात, हे थोडं नाही. पण सुट्टीच्या हुकुमाने कोपीला पेंढी मिळत नाही.

त्यासाठी दोन साध्या गोष्टी करता येतील. ग्रामसभेने खरिपाच्या बैठकीतच ठरवावं, की रब्बीला गावचा एक सलग पट्टा ज्वारीचा. सगळ्यांची पेरणी बरोबर, राखण वाटून, काढणी सावडीने. सावड ही आपल्याच बापजाद्यांची पद्धत आहे, तिला कुठल्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. दुसरी गोष्ट सरकारची. होळीपर्यंत खळं होतं. त्याआधी खरेदी केंद्र उघडावं आणि ती ज्वारी याच जिल्ह्यातल्या शाळांच्या पोषण आहारात द्यावी. तांदळाच्या खिचडीबरोबर आठवड्यातून दोनदा भाकरी मिळाली तर पोरांचं काही बिघडणार नाही.

सणांचं मूळ शोधणाऱ्यांनी पुराणं जरूर चाळावीत. ज्यांना सण टिकवायचा आहे त्यांनी मात्र हस्त-चित्राच्या पेरणीआधी ग्रामसभेला हजर राहावं.