उजनीच्या पाण्यावर वल्हे चालावे

ज्या इंदापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून नीरा वाहते, ज्याच्या उत्तर अंगाला भीमेवरील उजनीचा अफाट जलाशय पसरला आहे आणि ज्याच्या शिवारांतून नीरा डावा कालवा गेला आहे, त्या तालुक्यातील शेळगावसारख्या गावचा तरुण हाती वल्हे न धरताच मोठा होतो, ही गोष्ट मला फार दिवस अस्वस्थ करीत आली आहे. पाण्याशी त्याचा संबंध आवर्तन, पाळी, चारी आणि पाणीपट्टी एवढ्यापुरताच. पाण्यावर हक्क सांगण्यास आपण त्याला शिकविले; पाण्यात निर्भयपणे वावरण्यास मात्र शिकविले नाही.

उजनी १९८० साली पुरी झाली. सुमारे ११७ टीएमसी पाण्याच्या या साठ्यासाठी भीमाकाठच्या गावांनी आपल्या जमिनी, घरे आणि देवळेही दिली. पाणी ओसरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर आजही वर डोकावते. एवढे मोल देऊन मिळालेल्या जलाशयाच्या काठी राहणाऱ्यांना २१ मे २०२४ च्या सायंकाळी जे पाहावे लागले, त्याचे विस्मरण होणे शक्य नाही. कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले, त्यांत दोन चिमुकली बालके होती, आणि एक प्रवासी तेवढा पोहत काठाला लागला. तशा वाऱ्यात पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो, हे मी जाणतो. तथापि वारा कधी उठतो, होडी किती भार सोसते, कोणत्या वेळी काठ सोडू नये, याचे ज्ञान लहानपणापासून अंगी मुरलेली पिढी त्या काठावर असणे हेही एक संरक्षणच होय.

म्हणून माझी मागणी अशी की, कळाशी-पळसदेवच्या काठी तालुक्यातील मुलामुलींसाठी सार्वजनिक नौकानयन मंडळ स्थापन व्हावे. हा साहेबी शौक आहे, असा आक्षेप येईल, आणि इतिहासात त्याला आधारही आहे. पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा, इंग्रज अमलातला. तेथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, १९२८ पासूनचा, म्हणजे तोही शिकलेल्या शहरी तरुणांचा. परंतु चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ याने हा आक्षेप कायमचा निकालात काढला आहे. दुष्काळी मुलखात बापाबरोबर विहिरी खोदणारा हा तरुण सैन्यात भरती झाला, तेथे प्रथम वल्हे धरले, आरंभी पाण्याला भ्याला, आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा आला. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. मला यातील यशाइतकीच एक खंत महत्त्वाची वाटते: पलटणीत जाईपर्यंत त्याच्या हाती वल्हे देणारी एकही संस्था त्याच्या वाटेत आली नाही.

सांगलीला कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा आसपासच्या गावांचे तरुण आपापल्या होड्या घेऊन उतरतात आणि काठावर माणूस मावत नाही. आपल्याकडे तर गुरूही घरचेच आहेत. भिगवण-कुंभारगावचे मच्छीमार पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवीत होड्या हाकतात. त्यांना उजनीचा वारा आणि खोली जितकी ठाऊक तितकी कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. त्यांना मानधन देऊन शिक्षक नेमावे. खर्चाचे म्हणाल, तर गावोगावच्या तालमी वर्गणीवर आणि वस्तादाच्या शब्दावर उभ्या राहिल्या. तसेच हे मंडळही उभे राहील.

काही अटी मात्र बिनतडजोड असाव्यात. पोहण्याची परीक्षा झाल्यावाचून कोणी होडीत बसू नये आणि जीवरक्षक जाकिटावाचून होडी काठ सोडू नये. शर्यतीच्या अरुंद, झटकन कलणाऱ्या नौका आरंभी नकोतच. रुंद होड्यांवर हात बसू द्यावा. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये जाते, म्हणजे तिचा उपयुक्त साठा संपतो, म्हणून सराव पाणी भरल्यापासून हिवाळ्यापर्यंतच ठेवावा आणि पक्ष्यांच्या उथळ जागा सोडून द्याव्यात. मुलींसाठी वेगळी वेळ नव्हे, समान जागा असावी, आणि शेळगाव, गोतंडी, निमगाव केतकी या आतल्या गावांतील मुलांच्या जाण्यायेण्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात व्हावी. नाहीतर मंडळ काठावरच्यांचेच होऊन बसेल. पाटबंधारे खात्याची परवानगी मिळविण्यास वेळ लागेल. त्यासाठी येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत ठराव मांडून त्यांच्या नकला तहसील कचेरीत दाखल कराव्यात.