चिठ्ठी डॉक्टरची, खिसा आमचा



कापूस बाजारात नेला की भाव दुसरा सांगतो. बियाण्याच्या पाकिटावरचा भावही दुसऱ्यानेच छापलेला. दवाखान्यात तर त्याहून न्यारी तऱ्हा. माल निवडतो डॉक्टर, पैसे मोजतो आम्ही, आणि किती मोजावे लागतील हे निवडणाऱ्यालाच ठाऊक नसते.

रागाच्या भरात आम्ही हे म्हणत नाही. डॉक्टरांना औषधांच्या किमती किती माहीत असतात, यावरचे २४ अभ्यास कॅनडातील संशोधकांनी एकत्र तपासून २००७ साली छापले. शंभरात ३१ अंदाज तेवढे खऱ्या किमतीच्या जवळपास निघाले. स्वस्त औषध डॉक्टरांना होते त्याहून महाग वाटे, महाग औषध स्वस्त. म्हणजे दोन्हींतला फरक त्यांच्या हिशेबी थोडकाच. मग महागडे नाव लिहिताना हात अडखळेल कशाला? तिकडे बरेचसे बिल विमा किंवा सरकार भरते. इथे ज्वारीचे पोते विकून मेडिकलवर रोख द्यावे लागतात.

आणि छापील किमतीचा खेळ बघा. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातील चार मोठ्या खासगी इस्पितळांची बिले तपासली. औषधे, सिरिंजा, सलाईनच्या नळ्या यांतल्या काहींवर नफा १७०० टक्क्यांच्या वर! कंपनीकडून घाऊक स्वस्तात घ्यायचे आणि वेष्टनावर एमआरपी मात्र फुगवून छापून घ्यायची. आमच्या कापसावर अशी एमआरपी कोणी छापून देईल काय?

डॉक्टर म्हणतात, आम्ही रोग बघतो, भाव बघत नाही. पण पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि गडी दोन दिवसांच्याच घेऊन घरी परतला, तर रोग कसा हटेल? भाव हा इलाजातलाच भाग आहे. याच विदर्भात सेवाग्रामच्या रुग्णालयाने गावाकडून वर्गणी म्हणून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला होता. त्यांना पोत्याचा हिशेब कळला, इतरांना का कळू नये?

औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे लिहावे, हा भारतीय वैद्यक परिषदेचा नियम २०१६ सालचा आहे. तुमच्या घरातल्या किती चिठ्ठ्यांवर तो पाळलेला दिसतो?

फुकट औषध आम्ही मागत नाही. लिहिण्याआधी डॉक्टरांनी भाव माहीत करून घ्यावा आणि आम्हाला तोंडाने सांगावा, एवढेच. पुढच्या जिल्हा बैठकीला वर्षभराची मेडिकलची बिले आणि चिठ्ठ्या घेऊन या. एकाच औषधाची चार कंपन्यांची बिले शेजारी शेजारी मांडू, आणि तो कागद घेऊन तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात जाऊ.